पैसे कट झाले, ऑर्डर कुठे गेली? वेबहुक घेणाऱ्यांसाठी आणि पाठवणाऱ्यांसाठी

हापूसचा हंगाम ऐन भरात आहे. देवगडच्या एखाद्या बागायतदाराने दलालाला फाटा देऊन स्वतःची वेबसाइट काढली आहे, पेमेंट गेटवे जोडला आहे, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. आणि मग फोन सुरू होतात: "दादा, पैसे कट झालेत, पण ऑर्डर कन्फर्म झाली नाही." बागायतदार वेबसाइट करून देणाऱ्याला गाठतो. तो गेटवेच्या डॅशबोर्डवर बघतो तर पेमेंट यशस्वी. आपल्या डेटाबेसमध्ये मात्र तीच ऑर्डर 'पेंडिंग'.

उदाहरण आंब्याचं घेतलं असलं तरी क्लासची फी, नाटकाचं तिकीट, सोसायटीचा मेंटेनन्स असं काहीही ऑनलाइन घेणाऱ्या साइटवर हे घडतं. बँकेला किंवा गेटवेला शिव्या घालण्याआधी आपली रचना बघावी. ग्राहक 'पे' दाबतो, यूपीआय अ‍ॅप उघडतं, तो पिन टाकतो, पैसे जातात. आता त्याने ब्राउझरवर परत यायचं, पान पुढे सरकायचं आणि आपल्या सर्व्हरला "झालं" म्हणून कळायचं, असं आपण गृहीत धरलेलं असतं. पण तेवढ्यात त्याला फोन येतो, रेंज जाते, किंवा रॅम अपुरी पडली की मोबाइल मागचा टॅब परस्पर बंद करतो. पैसे पोचल्याची बातमी आणण्याचं काम आपण ग्राहकाच्या ब्राउझरवर सोपवलं होतं आणि तो वाटेतच गळाला.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अडकलेल्या व्यवहारांसाठी मुदती घालून दिल्या आहेत. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण या तरतुदीवर विसंबून बसू नका. गेटवेच्या दफ्तरी पेमेंट यशस्वी असेल आणि फक्त तुमच्या सर्व्हरला पत्ता नसेल, तर पैसे रीतसर तुमच्याच खात्यात जमा होणार. ते आपोआप परत जाणार नाहीत आणि पेटीही निघणार नाही. ग्राहकाच्या नजरेत तुम्ही पैसे घेऊन गप्प बसलेले.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पोलिंग: सर्व्हरने गेटवेला ठरावीक वेळाने विचारत राहायचं, झालं का पेमेंट? एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर दर पाच मिनिटांनी "गाडी आली का?" विचारणाऱ्या प्रवाशासारखं हे आहे, गाडी आली की माईकवरून सांगणारच असतील तर दोघांचाही त्रास वाचतो. हिशेब करा. एका ऑर्डरसाठी दर १० सेकंदांनी १५ मिनिटं विचारायचं म्हणजे ९० विनंत्या. सकाळच्या गर्दीत २०० ऑर्डरी असतील तर १८,००० विनंत्या, आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर "अजून नाही". एका मर्यादेनंतर गेटवे तुमच्या विनंत्या रोखतो, आणि नेमकी तेव्हाच खरी बातमी आलेली असते.

म्हणून उलट दिशेने निरोप. घटना घडली की जिच्याकडे ती घडली त्या सेवेने आपण दिलेल्या पत्त्यावर एक एचटीटीपी पोस्ट विनंती पाठवायची. हेच वेबहुक. हे नाव जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केलं. त्याआधीही वेब सेवांमध्ये घटना कळवण्याची सोय नव्हती असं नाही. सोप (SOAP) प्रोटोकॉलच्या जमान्यात डब्ल्यूएस-इव्हेंटिंग आणि डब्ल्यूएस-नोटिफिकेशन अशी दोन जाडजूड मानकं होती. दुसऱ्याला ओअ‍ॅसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये मान्यता दिली. वर्गणी कशी मागायची, ती कधी संपते, नूतनीकरण कसं करायचं, सगळं एक्सएमएलमध्ये नीट लिहिलेलं. पण ते वापरायला भारी अवजारं लागत, आणि वेबहुकला एक पत्ता आणि थोडा जेसन पुरतो. हलकं जिंकलं. फक्त त्या जाड मानकांनी ज्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या त्या आता प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, आणि निरोप घेणाऱ्याला प्रत्येकीचं डॉक्युमेंटेशन वेगळं वाचावं लागतं.

माझं सगळ्या लेखाचं म्हणणं एकच आहे: वेबहुक म्हणजे काहीतरी घडल्याची वर्दी. त्याला हिशेबाची वही समजू नका. वर्दी दोनदा येऊ शकते, उशिरा येऊ शकते, उलट्या क्रमाने येऊ शकते, खोटी असू शकते आणि कधी येतच नाही. या पाचही शक्यता धरून कोड लिहिला तर हंगामात झोप लागते.

आता एक वर्दी जवळून बघू. २,७५० रुपयांची पेटी, पेमेंट रेझरपेमधून. सर्व्हरवर येणाऱ्या जेसनमध्ये घटनेचं नाव असतं 'पेमेंट.कॅप्चर्ड'. आत पेमेंटचा आयडी, ऑर्डरचा आयडी, पद्धत यूपीआय, आणि रक्कम २७५०००. ही रक्कम पैशांत आहे. दोन शून्यं जास्त बघून दचकू नका आणि भागून दशांशात साठवूही नका, पूर्णांकच राहू द्या. शिवाय 'नोट्स' नावाचा एक कप्पा असतो, ज्यात ऑर्डर तयार करताना तुम्ही घातलेली माहिती, म्हणजे ग्राहकाचं नाव किंवा पेट्यांची संख्या, जशीच्या तशी परत येते. हेडरमध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी: 'एक्स-रेझरपे-सिग्नेचर' आणि 'एक्स-रेझरपे-इव्हेंट-आयडी'.

सिग्नेचरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. तुमचा एंडपॉइंट इंटरनेटवर उघडा असतो. पत्ता ज्याला कळला तो कोणीही "पेमेंट झालं" असा जेसन पाठवून फुकट पेटी मागवू शकतो. म्हणून पाठवणारा आणि तुम्ही, दोघांनाच माहीत असलेल्या सिक्रेटने मजकुराचा एचमॅक काढला जातो, बहुतेक ठिकाणी एसएचए-२५६ वापरून. एचमॅकची पद्धत १९९७ पासून आरएफसी २१०४ मध्ये लिहिलेली आहे आणि आजही ती पुरेशी मजबूत आहे. तुम्ही आलेल्या मजकुरावर तेच गणित करायचं आणि ६४ अक्षरांचं उत्तर जुळतं का बघायचं. रेझरपेमध्ये हे वेबहुकचं सिक्रेट एपीआय-कीच्या सिक्रेटपेक्षा वेगळं असतं. दोन्हींची गल्लत हा या कामातला सार्वत्रिक प्रकार आहे, त्यामुळे सिग्नेचर जुळेना झाली की आधी तेच तपासा.

त्याहून छुपा घोटाळा असा. एचमॅक काढला जातो तो आलेल्या कच्च्या बाइट्सवर. बरेच फ्रेमवर्क विनंती आल्याबरोबर जेसन उलगडून तुमच्या हातात तयार ऑब्जेक्ट देतात. तुम्ही त्याचा पुन्हा जेसन करून एचमॅक काढता आणि चाचणीत तो जुळतोही. मग एक दिवस कोणी गिऱ्हाईक 'नोट्स'मध्ये आपलं नाव देवनागरीत लिहितं, आणि सिग्नेचर फेल. कारण पायथनचं नेहमीचं जेसन-डम्प्स आणि पीएचपीचं जेसन-एन्कोड देवनागरी अक्षरांचे युनिकोड क्रमांक करून टाकतात. पीएचपी तर तिरप्या रेघेआधीही उलटी रेघ घालतं. अर्थ तोच, बाइट्स वेगळे. इंग्रजी नावांवर केलेल्या चाचण्यांमध्ये हे कधीच पकडलं जात नाही. तेव्हा उलगडण्याआधीचा कच्चा मजकूर घ्या: जँगोत रिक्वेस्ट.बॉडी, पीएचपीत पीएचपी-इनपुट प्रवाह, एक्सप्रेसमध्ये त्या एका मार्गापुरता रॉ पार्सर. आणि चाचणीच्या ऑर्डरीत 'ज्ञानेश्वर' किंवा 'शर्मिष्ठा' असं जोडाक्षरांचं नाव मुद्दाम घाला.

जुळणी करताना साधं 'बरोबर' चिन्ह वापरू नका. साधी तुलना पहिल्या चुकीच्या अक्षराला थांबते, आणि तेवढ्या वेळेच्या फरकावरून सिग्नेचर अक्षराअक्षराने ताडता येण्याची तात्त्विक शक्यता उरते. पीएचपीत हॅश-इक्वल्स, पायथनमध्ये कंपेअर-डायजेस्ट, नोडमध्ये टायमिंग-सेफ-इक्वल हे त्यासाठीच आहेत. एका शब्दाचा बदल आहे, करून टाका.

जुनी खरी वर्दीच कोणी पकडून पुन्हा पाठवली तर? स्ट्राइप यासाठी सिग्नेचरच्या हेडरमध्येच वेळ घालतं आणि ती वेळही सहीत सामील असते. त्यांच्या लायब्ररी ५ मिनिटांपेक्षा जुनी विनंती नाकारतात. इथे तुमच्या सर्व्हरचं घड्याळ बरोबर असणं गरजेचं आहे. ते सात-आठ मिनिटं पुढे असेल तर सगळ्याच खऱ्या वर्द्या परत जातील आणि तुम्ही सिक्रेट बदलत बसाल.

सही जुळली की पुढे काय, यावर माझं मत ठाम आहे: तिथे जवळजवळ काहीच करू नका. मजकूर आणि इव्हेंट-आयडी एका टेबलात लिहा, २०० चं उत्तर द्या, मोकळे व्हा. ऑर्डर कन्फर्म करणं, साठा कमी करणं, बिलाची पीडीएफ, एसएमएस, कुरिअरकडे नोंद, हे सगळं मागे क्यूमधून उचललं जाऊ दे. पाठवणारा फार वेळ थांबत नाही. रेझरपे ५ सेकंदांत उत्तराची अपेक्षा ठेवतं, गिटहब १० सेकंदांत. एसएमएस देणारी कंपनी त्या दिवशी मंद असेल आणि तुम्ही वर्दी घेतानाच एसएमएस पाठवत असाल, तर वेळ संपते, गेटवे ती वर्दी अपयशी धरतो आणि पुन्हा पाठवतो. तुमचं काम मात्र अर्धं-मुर्धं झालेलं असतं. छोट्या साइटला क्यू म्हणजे रॅबिटएमक्यू किंवा काफ्काच हवा असं नाही. डेटाबेसमधलं एक टेबल आणि दर मिनिटाला चालणारा क्रॉन एवढ्यावर आंब्याचा आख्खा हंगाम निघतो.

वर्दी पोचतच नाही याची कारणं बऱ्याचदा फार किरकोळ असतात. लाराव्हेल किंवा जँगोचं सीएसआरएफ संरक्षण बाहेरून आलेली पोस्ट विनंती टोकन नाही म्हणून परत पाठवतं, लाराव्हेलमध्ये ४१९ आणि जँगोत ४०३. तेवढा मार्ग त्यातून वगळावा लागतो, कारण सिग्नेचरची तपासणी तिथे तेच काम करते. पत्ता एचटीटीपीने नोंदवला आणि सर्व्हरने एचटीटीपीएसकडे वळवलं, किंवा शेवटची तिरपी रेघ राहिली म्हणून वळवलं, तर स्ट्राइपसारखे पाठवणारे ते अपयशच मोजतात. साइटपुढे बॉट रोखणारी सेवा असेल तर ती गेटवेलाही बॉट समजू शकते. खरं तर तो बॉटच आहे. आपल्या लॅपटॉपवर चाचणी घेताना बाहेरचा निरोप आत यावा म्हणून एनग्रोकसारखा टनेल वापरतात. काम झालं की डॅशबोर्डवरचा तो तात्पुरता पत्ता काढायला विसरू नका.

आता दुबार वर्दी. तुमचं २०० चं उत्तर नेटवर्कमध्ये हरवलं तर पाठवणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही, तो पुन्हा पाठवणार. हे अपेक्षितच आहे. रेझरपे आणि स्ट्राइप दोघेही तसं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट सांगतात. इव्हेंट-आयडीवर युनिक बंधन घाला आणि दुसरी नोंद डेटाबेसलाच नाकारू द्या. 'आधी आहे का ते बघ, नसेल तर घाल' असं कोडमध्ये लिहिलं तर एकाच क्षणी आलेल्या दोन वर्द्या दोघीही "नाही" बघतात आणि दोघीही आत शिरतात.

पण एवढ्यावर थांबलं की दुसरा खड्डा लागतो. एकाच पेमेंटवर 'पेमेंट.कॅप्चर्ड' आणि 'ऑर्डर.पेड' अशा दोन वेगळ्या घटना येतात. दोघींचे आयडी वेगळे, बातमी एकच. दोन्हींवर तुम्ही "ऑर्डर कन्फर्म कर" लिहिलं असेल तर आयडीची चाळण काही कामाची नाही. गिऱ्हाइकाला दोन एसएमएस जातात, साठ्यातून दोन पेट्या वजा होतात. म्हणून बदल नेहमी अटीसह करा: ऑर्डर 'पेंडिंग' असेल तरच 'पेड' कर. त्या अपडेटने एक ओळ बदलली तरच एसएमएस आणि साठ्याचं काम पुढे ढकला, शून्य ओळी बदलल्या तर गप्प राहा. ही एक अट बहुतेक दुबार भानगडी मिटवते.

उलट्या क्रमाचंही उत्तर तिथेच आहे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रयत्न फसतो, दुसरा यशस्वी होतो. 'पेमेंट.फेल्ड'ची वर्दी काही कारणाने अडकते आणि पुढच्या फेरीत, यशाच्या वर्दीनंतर येते. तुमचा कोड आलेली शेवटची बातमी खरी धरत असेल तर पैसे भरलेली ऑर्डर 'फेल्ड' होते. ऑर्डरच्या स्थितीला एकच दिशा द्या: पेंडिंगवरून पेड, पेडवरून पाठवली, किंवा परतावा. पेडवरून फेल्डकडे जाणारी वाट कोडमध्ये असूच नये. शंका आली तर आलेल्या मजकुरावर न जाता गेटवेच्या एपीआयला त्या ऑर्डरची सद्यस्थिती विचारा आणि ती माना. मोठ्या रकमेसाठी मी हे दर वेळीच करावं म्हणेन. एका विनंतीचा खर्च आहे.

म्हणजे पोलिंग पुन्हा आलं, पण मोजकं. वर्दी आलीच नाही तर काय, याला दुसरं उत्तर नाही. रेझरपे अपयशी वर्दी वाढत्या अंतराने २४ तास पाठवत राहतं आणि तरीही जमलं नाही तर वेबहुकच बंद करतं. स्ट्राइप ३ दिवसांपर्यंत प्रयत्न करतं. गिटहब आपणहून पुन्हा पाठवतच नाही. मागच्या ३ दिवसांतली वर्दी तुम्ही स्वतः मागायची. शनिवारी रात्री सर्व्हर पडला आणि सोमवारी सकाळी कोणी बघितलं, तर कुणाच्या वर्द्या वाचतील आणि कुणाच्या जातील ते यावरून लावा. तेव्हा दर १५ मिनिटांनी, १० मिनिटांपेक्षा जास्त काळ पेंडिंग राहिलेल्या ऑर्डरींची चौकशी करणारं एक छोटं काम लावून द्या. दोनशे ऑर्डरींमधल्या बहुतेक वेबहुकनेच मिटलेल्या असतात. विचारायला चार-पाच उरतात.

रोजची जुळवणी रात्री करा, आणि तिथे वेळेचं भान ठेवा. घटनेवरची वेळ युनिक्स सेकंदांत असते. ५ एप्रिलला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी झालेलं पेमेंट यूटीसीनुसार ४ एप्रिलच्या संध्याकाळी ६:४० चं आहे. सर्व्हर यूटीसीवर आणि बागायतदाराची वही भारतीय वेळेवर असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी आदल्या दिवसात जातात आणि "हिशेब लागत नाही" असा फोन येतो. साठवा यूटीसीत, दिवसाची सीमा काढा भारतीय वेळेनुसार.

उशिरा उघड झालेल्या पेमेंटचा एक व्यवहारी प्रश्नही आधीच सोडवून ठेवा. तोवर माल संपला असेल तर? कोडने अशी ऑर्डर कन्फर्म न करता 'माणसाने बघावी' अशा यादीत टाकावी. परतावा द्यायचा की पुढच्या तोडीतली पेटी द्यायची हे बागायतदाराने गिऱ्हाइकाशी बोलून ठरवावं. हा निर्णय यंत्राने घेऊ नये.

पेमेंट झाल्याचं सर्व्हरला कळलं, पण गिऱ्हाईक अजून "कृपया थांबा"चं फिरतं चक्र बघत बसलंय, तर शेवटचा टप्पा उरतो: सर्व्हरकडून ब्राउझरकडे. इथे वेबहुक चालत नाही, ब्राउझरला पत्ता नसतो. लोक लगेच वेबसॉकेटकडे धावतात. एकाच दिशेची बातमी द्यायची असेल तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. साध्या एचटीटीपीवर चालतात, जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो आणि शेवटचा मिळालेला आयडीही सांगतो. एचटीटीपी १.१ वर मात्र ब्राउझर एका साइटला साधारण सहाच जोडण्या देतो, म्हणून कोणी आठ टॅब उघडले की काही अडकून बसतात. आणि आंब्याच्या साइटला खरं सांगायचं तर पानावरून दर ३ सेकंदांनी आपल्याच सर्व्हरला विचारलं तरी काही बिघडत नाही. विनंती आपली, सर्व्हर आपला.

आता बाजू बदलू. तुमची सेवा वाढली, कुरिअर कंपनीने किंवा एखाद्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने "ऑर्डर आली की आम्हाला कळवा" म्हटलं, की वर्दी पाठवणारे तुम्ही होता. निरोप घेताना ज्यांना नावं ठेवली त्यांच्या जागी बसल्यावर अडचणी नव्याने कळतात.

पहिली अडचण डेटाबेसची. ऑर्डर नोंदवून लगेच पुढच्या ओळीत वर्दी पाठवली आणि मधेच प्रोसेस मेली, तर ऑर्डर आहे आणि वर्दी नाही. उलट क्रमाने केलं आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरलं, तर वर्दी गेली आणि ऑर्डरच नाही. म्हणून ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायच्या वर्द्या' अशा दुसऱ्या टेबलात ओळ लिहा. दोन्ही एकत्र टिकतील किंवा एकत्र पुसल्या जातील. ते टेबल वाचून पाठवण्याचं काम वेगळ्या प्रोसेसचं. याला आउटबॉक्स म्हणतात. यातही एखादी वर्दी दोनदा जाऊ शकते, पण हरवत नाही. आणि दुबार वर्दीची काळजी घेणाऱ्याने घ्यावी म्हणून प्रत्येकीला कायमचा आयडी द्या. पुन्हा पाठवताना तोच आयडी, नवा नाही.

पुन्हा पाठवण्याची अंतरं वाढती ठेवा, समजा १ मिनिट, ५ मिनिटं, अर्धा तास, २ तास, आणि प्रत्येक अंतरात थोडी यादृच्छिक वाढ-घट करा. नाहीतर पडलेला सर्व्हर उठल्याबरोबर तुमच्या हजारभर वर्द्या एकाच सेकंदाला त्याच्या दारात जातील आणि तो पुन्हा आडवा होईल. प्रत्येक ग्राहकाची रांग वेगळी, म्हणजे एका मंद सर्व्हरमुळे बाकीचे ताटकळत नाहीत. समोरून ४१० आलं तर तो पत्ता कायमचा गेला असं समजून थांबा आणि मालकाला ईमेल करा.

सुरक्षेचा एक मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही लोकांना पत्ता विचारता आणि तुमचा सर्व्हर त्या पत्त्यावर विनंती करतो. कोणी १६९.२५४.१६९.२५४ असा पत्ता दिला तर? क्लाउडवरच्या यंत्राला त्या पत्त्यावर स्वतःची अंतर्गत माहिती मिळते, कधीकधी किल्ल्यांसकट. म्हणून डोमेन नेमकं कुठल्या आयपीकडे जातं ते पाठवण्याच्या क्षणी तपासा, खासगी आणि अंतर्गत पत्ते नाकारा, पुढे वळवलं तर मागोमाग जाऊ नका, आणि समोरचं उत्तर डॅशबोर्डवर जसंच्या तसं दाखवू नका.

मजकूर किती पाठवायचा यावर दोन मतं आहेत. सगळी ऑर्डर कोंबली तर घेणाऱ्याला पुन्हा विचारावं लागत नाही, पण ग्राहकाचा फोन नंबर आणि पत्ता दुसऱ्याच्या लॉगमध्ये कायमचा पडून राहतो. नुसता आयडी आणि घटनेचं नाव पाठवलं तर घेणारा ताजी माहिती एपीआयने मागतो, आणि क्रमाचा प्रश्नही आपोआप सौम्य होतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे. घटनेचं नाव भूतकाळात ठेवा, 'ऑर्डर.तयार-झाली' असं, 'ऑर्डर.तयार-कर' म्हटलं की तो हुकूम वाटतो. आकार स्वतः शोधत बसू नका. क्लाउड-इव्हेंट्स या मानकाची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यात आयडी, स्रोत, प्रकार आणि मानकाची आवृत्ती एवढीच माहिती सक्तीची आहे. सहीच्या हेडरसाठी २०२३ पासून स्टँडर्ड वेबहुक्स नावाचा मसुदा उपलब्ध आहे, तो उचला.

सिक्रेट कधीतरी बदलावं लागतं, कोणीतरी ते गिटहबवर कोडसोबत टाकतंच. तेव्हा काही काळ जुन्या आणि नव्या दोन्ही सिक्रेटने सही करून पाठवा. स्ट्राइप जुनं सिक्रेट २४ तासांपर्यंत चालू ठेवू देतं, तेवढी मुदत पुरेशी आहे.

आणि पाठवलेल्या प्रत्येक वर्दीची नोंद घेणाऱ्याला दिसू द्या: कधी पाठवली, काय उत्तर आलं, किती वेळ लागला, आणि शेजारी 'पुन्हा पाठवा' असं बटण. घेणाऱ्या बाजूलाही एक वेगळी घंटा लावून ठेवा, चुका मोजणारी नको, शांतता मोजणारी. भर हंगामात दुपारी दोन तास एकही वर्दी आली नाही, तर एरर लॉग कोरा असतो आणि सगळं सुरळीत दिसतं. तेव्हा गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन वेबहुक बंद तर पडलं नाही ना हे त्याच मिनिटाला बघायचं.